बिनभोकाचं बटण

प्रिय पिशवीबाई,

पत्र बघून दचकू नकोस. गल्लीत सगळे ठणठणीत आहेत, कुणाला काही झालेलं नाही. पत्र लिहिणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुला माहीतच आहे. सातवीनंतर हातात पेन आलं ते फक्त कारखान्याच्या चिठ्ठीवर सही करण्यापुरतं. पण तुझा नवा पत्ता मिळाला आणि बसले एकदाची. आधीचे तीन कागद फाडून झाले, हा चौथा. हाही फाडलात तर मीच लिहीन आणि खाली तुमचं नाव घालीन, अशी धाकट्या सुनेनं धमकी दिली आहे. ती काय लिहील याचा नेम नाही, म्हणून हा फाडायचा नाही असं ठरवलंय.

तू जाऊन अडीच महिने झाले. तुझ्या जागेवर आरोग्य केंद्रानं जो भाऊ पाठवलाय तो स्वभावानं बरा आहे, वेळेवर येतो, पण अगं त्याचा आवाज! गल्लीच्या मधोमध उभा राहतो, तुझी ती वही उघडतो आणि भाजीवाल्यासारखा पुकारा करतो. पहिल्याच दिवशी शिंप्याच्या बायकोच्या नावानं ओरडला, तुमच्या गोळ्या आल्यात हो! तिनं आतून खिडकी अशी आपटली की काच तडकली. आणि गोळ्या आल्या म्हटल्यावर गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या गुडघे धरत बाहेर आल्या आणि त्याच्यापुढे रांग लावून उभ्या राहिल्या. त्या गोळ्या गुडघ्याच्या नव्हेत, पाळणा लांबवायच्या, हे त्यांना समजावताना त्या बापड्याचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून तो आला की बायकांची दारं बंद. सहा वर्षं तू ती वही पिशवीच्या तळाशी ठेवलीस, कुणाच्या नजरेला पडू दिली नाहीस. त्याची किंमत आता कळतेय सगळ्यांना.

आणि तो अर्ज. तो विषय अजून थंड झालेला नाही बरं का. आरोग्य कार्यालयात निनावी कागद जातो काय, सदर बाई घरातल्या वडीलधाऱ्यांना न विचारता कोवळ्या सुनांना नको ते शिकवते असं त्यात म्हटलेलं असतं काय, आणि आठ दिवसांत तुझी बदली नदीपलीकडे! तुला धड विचारलंसुद्धा नाही कुणी. नळावर रोज नवं नाव निघतं. एक म्हणते किराणेवाल्याची आई, ती पहिल्यापासून तोंड वाकडं करायची. दुसरी म्हणते मास्तरीणबाई, कारण अर्जात म्हणे एकही चूक नव्हती. मी हंडा भरते, मान डोलावते आणि घरी येते.

आमच्या तिघींची, म्हणजे माझी आणि माझ्या दोन्ही सुनांची, एकेक बाजू तुला माहीत होती, पण घराच्या आत काय नाटक चाललं होतं ते तुला माहीत नाही. ते आज सांगते. हसून हसून पोट दुखलं तर मला बोल लावू नकोस.

आमची बाहेरची खोली तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. भिंतीला लागून शर्टांचे गठ्ठे, खिडकीखाली आम्ही तिघी, आणि फळीवर ओळीनं बटणांचे डबे. काज-बटणाचं काम म्हणजे डोळ्यांचं वाटोळं आणि बोटांची चाळण, पण घरबसल्या होतं. पांढरी बारीक एका डब्यात, पांढरी मोठी दुसऱ्यात, मग कॉफी रंगाची, मग काळी. डबे कुणी हलवायचे नाहीत हा माझा कायदा. अंधारातसुद्धा हात घातला तर बरोबर बटण हाताला लागलं पाहिजे. घरातली कर्ती मी. थोरली माझ्या डाव्या हाताला बसते, धाकटी उजव्या, आणि थोरलीची पोर मधे चिंध्यांशी खेळत असते. त्या पोरीला लस द्यायची, तिचं वजन करायचं, या निमित्तानं तू यायचीस. जाता जाता दोन मुलांत अंतर कसं राखावं यावर चार शब्द बोलायचीस. आणि मी काय म्हणायची? आठवतंय का? आमच्या घरात असलं काही लागत नाही हो, आम्हाला घरात पाळणा हललेला हवाय! तेही असं मोठ्यानं, की समोरच्या घरात ऐकू जावं. दोन्ही सुना माना खाली घालून सुईत दोरा ओवत असायच्या. आणि तू शांतपणे चहा पीत असायचीस. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती तुझ्या.

त्या वेळी माझी गोळ्यांची पाकिटं शिवणाच्या मशीनच्या खणात, जुन्या कात्रीखाली होती, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? तुला पहिल्यांदा दारातून हाकललं होतं मी, सासूबाई तेव्हा होत्या ना, त्यांच्या देखत. आणि पाच मिनिटांनी दळण आणायचं निमित्त करून धावत येऊन तुला कोपऱ्यावर गाठलं. तेव्हा मी सदतीस वर्षांची. दोन मुलांमागची लेक पाच वर्षांची, तिच्यानंतर एक मधेच पडलेलं, आणि दर महिन्याला भिंतीवरच्या तारखांकडे बघून माझं रक्त आटायचं. ते तुला सांगताना मी रडले होते. भर रस्त्यात. तू मला दळणाच्या डब्यावर बसवलंस, रक्तदाब मोजलास, आणि मग एवढंच म्हणालीस की कुणाला कळणार नाही. बाई गं, त्या रात्री मी किती दिवसांनी पोटभर झोपले! पुढे सासूबाई गेल्या, सुना आल्या, मी सासू झाले, तरी माझी गोळी चालूच. ह्यांना सांगितलं होतं पित्तावरची आहे. सहा वर्षं बायकोचं पित्त कसं उतरत नाही, हा प्रश्न त्या भल्या माणसाला कधी पडला नाही.

आता तीन महिन्यांपूर्वीची दुपार. कारखान्याची घाईची ऑर्डर, संध्याकाळपर्यंत शंभर शर्ट द्यायचे होते. धाकटी तिच्या कटिंगच्या वर्गाला गेलेली, थोरली आत पोरीला निजवत होती. मी पांढऱ्या बारीक बटणांच्या डब्यात हात घातला, एक उचललं आणि सुई टोचायला गेले, तर भोक सापडेना. उलटं केलं, पालटं केलं, चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. भोकच नाही! कारखानेवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, म्हटलं आता बिनभोकाची बटणं पाठवायला लागले. सुईच्या टोकानं भोक पाडायला गेले तर ते मेलं तुटलं. पांढरी भुकटी बोटाला लागली. आणि तेव्हा ओळखलं मी ते. का नाही ओळखणार? तसलंच एक रोज सकाळी पाण्याबरोबर गिळत होते ना!

डबा पालथा केला. बटणांतून अठरा निघाल्या. मग कॉफी रंगाच्या डब्यात बघितलं, तर तिथं पाकिटातल्या शेवटच्या आठवड्याच्या लोहाच्या सात. डबे भरायचं काम धाकटीचं, म्हणजे तिनंच सगळं पाकीट सोलून, रंग बघून, ज्या त्या डब्यात नीट लावून ठेवलं होतं. चांदीचा कागद वाजतो म्हणून. पोरगी हुशार हो, पण पाकिटातून काढायच्या नाहीत हे तू तिला सांगितलं असशीलच, आणि तिनं ऐकलं नसेलच. माझी अवस्था काय झाली सांगू? तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तोंड मात्र उघडता येईना. हे काय आहे म्हणून विचारावं, तर तुम्हाला कसं ओळखू आलं असं ती विचारणार. सासू म्हणून ओरडावं तरी पंचाईत. निमूट सगळ्या गोळ्या वेचून पुन्हा डब्यांत टाकल्या आणि शंभर शर्टांची बटणं लावून टाकली. त्या दिवशीचे टाके इतके घट्ट होते की शर्ट फाटतील पण बटणं निघणार नाहीत.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण डोक्यात किडा शिरला. थोरलीची दाढ! तीन वर्षांची पोर होत आली तरी हिची दुसऱ्याची बात नाही, आणि दर तीन महिन्यांनी न चुकता हिची दाढ दुखते. मीच तिला सांगायची, बाई, उपटून टाक ती, किती दिवस सोसशील. ती गाल धरून जायची आणि दंड चोळत यायची. एवढं डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. त्या आठवड्यात तिची दाढ दुखली तशी मी तिच्या मागोमाग निघाले. दाताचा डॉक्टर डावीकडे, बाईसाहेब वळल्या उजवीकडे, सरळ आरोग्य केंद्रात. खिडकीतून बघितलं, नर्स तिच्या दंडात पाळणा लांबवायचं तीन महिन्यांचं इंजेक्शन देत होती, तू तिच्या शेजारी बाकावर बसली होतीस आणि तिचा हात हातात धरून काहीतरी हसत होतीस.

खरं सांगते, तिथं मला सगळ्यांत जास्त राग तुझा आला. सुनांचा नव्हे. आमच्या घरी बसून चहा पितेस, माझं ऐकून मान हलवतेस, आणि पोटात आम्हा तिघींची तीन गुपितं घेऊन फिरतेस! मला वाटलं, ही मनातल्या मनात मला हसत असणार. आणि त्याहून मोठी भीती अशी की माझं त्यांना सांगितलं असेल का? सुना माझ्या पाठीमागे खिदळत असतील का? दोन दिवस मी धड जेवले नाही. माझं ते माझं, माझी तीन झाली होती. पण यांनी मला विचारायला नको? असंच म्हणत होते मी मनाशी. माझ्या सासूला मी कुठं विचारलं होतं, हे मात्र तेव्हा मला सुचलं नाही बघ.

पुढच्या आठवड्यात अर्जाचं बाहेर आलं आणि तू गेलीस. जाताना तू दारात आलीस, पोरीचं लसीचं कार्ड दिलंस, जपून ठेवा म्हणालीस. दोन्ही सुना रडल्या. मी आत भांडी घासत होते.

आणि मग सुरू झाली आमची फजिती. नवा भाऊ गोळ्या द्यायचा तर पुकारा करून, नाहीतर नवऱ्याला घेऊन या म्हणायचा. माझं पाकीट संपत आलं. या वयात मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहणार? गल्लीनं टाळ्या वाजवल्या असत्या. धाकटी दिवसेंदिवस गप्प. तिच्या कटिंगच्या परीक्षेला दोन महिने राहिले होते. कारखान्यात कटिंगच्या टेबलावर आजवर एक बाई उभी राहिलेली नाही, तिला पहिली व्हायचंय, आणि मास्तरांनी कबूल केलंय की पास झालीस तर टेबल तुझं. थोरलीची पुढची तारीख जवळ येत होती, आणि तुझ्याशिवाय त्या रांगेत उभी राहायला ती तयार नव्हती. घरात तिघी तीन कोपऱ्यांत तोंडं पाडून बसलेल्या, आणि एकीचं कारण दुसरीला माहीत नाही. म्हणजे मला दोघींचं माहीत होतं. बोलू काय?

शेवटी माझं पाकीट संपलं त्या सकाळी मी अब्रू गुंडाळून ठेवली. धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती. मी गुपचूप फळीजवळ गेले, पांढऱ्या बारीक बटणांच्या डब्यात हात घातला आणि चाचपू लागले. बिनभोकाचं शोधत होते. सापडलं. उचललं. आणि मागे वळले तर दारात धाकटी, ओली बादली हातात. तोंडावरचा रंग उडालेला. तिला वाटलं सासूला सगळं कळलं, आता गोळ्या रस्त्यावर जाणार आणि त्यांच्या मागोमाग ती. काही तरी बोलायला गेली आणि मधेच थांबली, कारण माझ्या दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता.

ती पेल्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते. मग ती हळूच म्हणाली, आई, पित्ताची का? आणि मला असं हसू फुटलं, पिशवीबाई, की पेला हातातून पडला आणि धक्क्यानं फळीवरचा बटणांचा डबाही. मी खालीच बसले. ती माझ्या शेजारी बसली. आवाज ऐकून थोरली धावत आली, तिला वाटलं मला झटका आला. तिला सांगता सांगता आम्हा दोघींच्या डोळ्यांतून पाणी. ती ऐकून घेते आणि मग गालावर हात ठेवून म्हणते, मग माझ्या दाढेचंही सांगूनच टाकते. मी म्हटलं, तुझ्या दाढेचं मला कधीच कळलंय, बस खाली. पांढऱ्या बटणांचा अख्खा डबा सांडला होता, त्यात तिघी बसून आम्ही लहान मुलींसारख्या हसत होतो. इतकी वर्षं एका खिडकीखाली बसलो, पण त्या सकाळी पहिल्यांदा एकमेकींना भेटलो असं मला वाटलं. धाकटी मला परीक्षेचं सगळं सांगत सुटली. थोरली म्हणाली तिला दुसरं हवंय, पण पोरगी शाळेत गेल्यावर. आणि मला कुणी काही विचारलं नाही, तरी मी कोपऱ्यावरची, दळणाच्या डब्यावरची गोष्ट सांगितली. थोरलीनं माझा हात धरला. मला सुना चांगल्या मिळाल्या गं, हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं.

मग थोरलीच म्हणाली, बघा ना, तीन वर्षं त्या बाई आपल्यात ये-जा करत होत्या, एकीचा शब्द दुसरीला कळू दिला नाही. आणि ज्यानं कुणी तो अर्ज केला ना, त्याचं कधी भलं व्हायचं नाही. धाकटीनं हो म्हटलं. मी बटणं गोळा करायला लागले.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहिते. तो अर्ज मी केला होता. मास्तरीणबाईंनी नव्हे, किराणेवाल्याच्या आईनं नव्हे. थोरलीला केंद्रात बघितलं त्याच दुपारी लिहिला आणि स्वतःच्या हातानं कार्यालयाच्या पेटीत टाकला. ज्या तोंड मिटून ठेवण्याचा मला एवढा राग आला होता, त्याच्याच जिवावर मी सहा वर्षं निवांत झोपले होते, हे माझ्या लक्षात यायला बटणांत बसावं लागलं. पंधरा दिवस ते पोटात घेऊन फिरले. परवा दोघींना सांगितलं. थोरली दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. धाकटीनं माझ्यापुढे कागद आणून ठेवला. काल कार्यालयात गेले, साहेबांपुढे उभी राहिले, म्हटलं पहिला अर्ज माझा आणि तो रागाच्या भरात केलेला, हा घ्या दुसरा. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण लागता त्यांच्या? म्हटलं कुणी नाही, सहा वर्षं त्यांच्याकडून गोळ्या घेते, आणि माझ्या दोन्ही सुनांना विचारून सांगते, त्याही घेतात. मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. त्या अर्जावर पूर्ण नाव घातलं, घर नंबर घातला आणि लाभार्थी असं लिहिलं. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. हे दारातच बसले होते. बराच वेळ विचार करून म्हणाले, मला पित्त झालं की तू तुझ्यातली एक गोळी का देत नव्हतीस, ते आज कळलं. आणि उठून चहा टाकायला गेले. साहेब म्हणतात, बदली रद्द करता येईल, पण बाईंची परत यायची तयारी हवी, तसं त्यांनी पंधरा तारखेच्या आत लेखी कळवलं पाहिजे. म्हणून सोबत कार्ड ठेवलंय. साहेबांचा पत्ता घातलाय, तिकीट लावलंय, मागची बाजू कोरी आहे. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही माझं, पण म्हणते. माफ कर. रागावली असशील तर येऊन भांड, मी ऐकून घेईन, सुनांच्या देखत भांडलीस तरी चालेल. त्या कोऱ्या बाजूवर येते एवढाच शब्द लिहायचा आहे. तुझ्या वतीनं मीच लिहून टाकला असता, पण दुसऱ्याच्या नावावर काही करायचं नाही असं आता ठरवलंय. तो तुलाच लिहावा लागेल. पंधरा तारखेला अजून नऊ दिवस आहेत.

तुझीच,
काज-बटणवाली